यंत्राचं बोलणं वेगळं ठेवा, मराठी मोकळी होईल

मा. संपादक यांस,

स. न.

आपल्या रविवार पुरवणीत सध्या संगणकावरच्या मराठीबद्दल पत्रं येत आहेत. मागच्या रविवारी एका वाचकांनी लिहिलं होतं, की कारखान्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी घालायच्या फंदात पडू नये. त्यांच्या माहितीतल्या एका ठिकाणी संदेश मराठी केले आणि यंत्रणाच बिघडली. त्यांनी लिहिलंय ते खरं असणार. माझ्या स्वतःच्या हातून हेच झालं आहे, आणि त्यात एका माणसाला इजा झाली आहे. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगायला जरा सविस्तर लिहावं लागेल. जागा जास्त लागत असेल तर उशिरा छापा, पण कृपया मधला तांत्रिक भाग गाळू नका. सगळं म्हणणं तिथेच आहे.

मी गेली एकोणतीस वर्षं कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या बोर्डात बसणारा प्रोग्रॅम, लिहिते. आम्ही यंत्रमागाचे कंट्रोलर बोर्ड बनवतो. माग सुरू करणं, थांबवणं, बाण्याचा धागा तुटला की ओळखणं, डिझाइनप्रमाणे डॉबीला (नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या भागाला) हुकूम देणं, ही त्या बोर्डाची कामं. आमची गिऱ्हाइकं बहुतेक इचलकरंजी आणि विट्याकडची.

या बोर्डात २००४ साली मी एक छोटा डीबगर घातला. ज्यांचा या शब्दाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगते: चालू प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर थांबवायचं, त्याच्या पोटात कुठल्या क्षणी काय आकडे आहेत ते बघायचं आणि पुन्हा सोडून द्यायचं, यासाठीचं साधन म्हणजे डीबगर. ज्या ओळीवर थांबवायचं तिथल्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. लॅपटॉपवरून बोर्डाला केबल लावायची, ‘ब्रेक २१२’ असं टाइप करायचं, बोर्ड इंग्रजीत उत्तर देतो की ओळ २१२ वर ब्रेकपॉइंट ठेवला. ‘गो’ म्हटलं की प्रोग्रॅम सुटतो. संदेश इंग्रजी होते, कारण वाचणारी मी एकटी होते आणि मला त्याची सवय होती.

२०१२च्या सुमारास सर्व्हिसची मुलं वाढली. त्यांना काळ्या पडद्यावर टाइप करणं जमेना, म्हणून एका सहकाऱ्यानं लॅपटॉपसाठी खिडकीचा प्रोग्रॅम लिहिला. बटणं, एक तक्ता, आणि वर कोपऱ्यात एक मोठा गोल: माग थांबलेला असेल तर लाल, चालू असेल तर हिरवा. हा प्रोग्रॅम बोर्डाशी बोलायचा कसा? मी माणसासाठी लिहिलेली वाक्यंच तो वाचायचा. आलेल्या ओळीत ‘स्टॉप्ड’ शब्द सापडला की गोल लाल, ‘रनिंग’ सापडला की हिरवा. पाच वर्षं ते बिनतक्रार चाललं. त्यामुळे त्यात काही चुकीचं आहे असं आमच्या कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

२०१७च्या श्रावणात मी संदेश मराठी करायला घेतले. कारण साधं होतं. इचलकरंजीतले जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारे लोक, पडदा वाचून फोन करायचे आणि इंग्रजी वाक्य अर्धवट सांगायचे; आम्ही इकडून भलतंच समजायचो. दुपारी तीनच्या सुमारास निम्मे संदेश मराठी करून मी बोर्डाची नवी आवृत्ती पाठवली. ‘माग चालू होत आहे’ हा त्यांतला एक. थांबल्याचा संदेश दुसऱ्या दिवसासाठी ठेवला होता, तो इंग्रजीच राहिला.

त्या रात्रपाळीत आमचा सर्व्हिसचा मुलगा एका शेडमध्ये हीच आवृत्ती लावून बसला होता. माग ब्रेकपॉइंटवर थांबला. इंग्रजी संदेश आला, गोल लाल झाला. मुलानं आकडे बघितले आणि ‘गो’ दिलं. आमच्या बोर्डावर ‘गो’ दिल्यावर मोटर लगेच फिरत नाही, चार सेकंद जातात. बोर्डानं मराठीत सांगितलं की माग चालू होत आहे. खिडकीच्या प्रोग्रॅमला त्या ओळीत ओळखीचा शब्द दिसला नाही, म्हणून त्यानं काहीच केलं नाही. गोल लालच राहिला. जॉबरनं मान वर करून लाल गोल पाहिला आणि फणीजवळ तुटलेला ताण्याचा धागा गाठायला हात घातला.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख गेलं. बोट वाचलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते मलाच धीर देत होते. तो पांढरा बँडेजचा हात आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो.

मेन स्विच पाडल्याशिवाय हात घालायचा नाही, ही शिस्त तेव्हापासून कडक झाली, आणि ती आधीच असायला हवी होती. लॅपटॉपवरच्या गोलावर कोणाच्याही बोटांची जबाबदारी असू नये. त्याबद्दल दुमत नाही. पण आठवड्याभरानं बैठक झाली आणि तिथे जे ठरलं त्यानं मला अतिशय वाईट वाटलं. ठरलं ते असं: संदेश पुन्हा इंग्रजी करा, आणि यापुढे बोर्डात मराठी घालायचं नाही. आपल्या पत्रलेखकांचं म्हणणं शब्दशः हेच आहे.

मी तिथे उभं राहून सांगितलं की मराठीचा यात दोष नाही. उद्या मी इंग्रजीच ठेवून ‘रनिंग’च्या जागी ‘स्टार्टेड’ लिहिलं असतं, तरी जॉबरचं बोट तसंच अडकलं असतं. माणसाशी चाललेलं बोलणं एक यंत्र चोरून ऐकत होतं आणि त्यावर निर्णय घेत होतं, हा दोष आहे. माणसाशी बोलताना आपण शब्द बदलतो, वाक्य सुधारतो, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलतो. बदलायची मुभा नसेल तर ते बोलणंच नव्हे. यंत्राला मात्र एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. या दोन गरजा एकाच वाक्यानं भागणार नाहीत.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, की खिडकीच्या प्रोग्रॅमला मराठी शब्दही शिकवू, दोन ओळींचं काम आहे. मी म्हटलं, मग तिसऱ्या वेळी वाक्य बदलायचं असेल तेव्हा कोणाला विचारू? प्रत्येक वाक्यामागे कुठला प्रोग्रॅम दडून बसलाय याची यादी कोण ठेवणार?

हा प्रश्न काही आमच्या कुपवाडात पहिल्यांदा आलेला नाही. जीडीबी नावाचा एक डीबगर जगभर वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिला. तोही माणसानं टाइप करायचा आणि माणसानं वाचायचा. मग त्याच्यावर खिडक्या घालणारे प्रोग्रॅम आले. नव्वदच्या दशकातला डीडीडी त्यांतला नावाजलेला. तो जीडीबीची माणसासाठी असलेली वाक्यं वाचून चित्रं काढायचा, आमच्या खिडकीसारखाच. जीडीबीनं ॲनोटेशन नावाची सोयही केली: माणसाच्या मजकुरातच मधे मधे दोन कंट्रोल-झेड अक्षरं आणि पुढे एक खूण घालायची, म्हणजे यंत्राला कळेल की इथून अमुक सुरू होतं. मजकूर माणसाचाच राहिला, त्यावर यंत्रासाठी चिठ्ठ्या डकवल्या. मीही सुरुवातीला हाच विचार केला होता आणि सोडून दिला, कारण चिठ्ठ्यांच्या मधलं वाक्य वाचण्याचा मोह खिडकीवाल्याला होतोच.

शेवटी जीडीबीत वेगळा दुभाषाच बसवला गेला. सुरू करतानाच सांगायचं की ‘इंटरप्रिटर एमआय’, म्हणजे यंत्राशी बोलायचा दुभाषा. मग तोच डीबगर पूर्णपणे दुसऱ्या व्याकरणात बोलू लागतो. मी २०१७च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याचं सगळं वर्णन छापून घेतलं आणि पेन्सिलनं खुणा करत वाचलं. त्यातल्या तीन-चार गोष्टी मला इतक्या पटल्या की त्या इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट क्रमांकाची. खिडकीनं हुकूम देताना आधी एक आकडा लिहायचा: १०१-ब्रेक-इन्सर्ट मेन. (मूळ रोमनमध्ये असतं, इथे देवनागरीत लिहिते.) उत्तर येतं तेव्हा तोच आकडा पुढे घेऊन येतं: १०१^डन, आणि त्यापुढे ब्रेकपॉइंटचा तपशील. सरकारी पत्रव्यवहारात उत्तर देताना वर ‘आपले पत्र जा. क्र. अमुक’ लिहितात, अगदी तसं. दहा हुकूम एकापाठोपाठ गेले तरी कुठलं उत्तर कशाचं, याचा अंदाज बांधावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या अक्षराची. प्रत्येक ओळ कशाची आहे ते तिच्या सुरुवातीच्या चिन्हावरून कळतं. ^ म्हणजे विचारलेल्याचं उत्तर: झालं, चुकलं, किंवा चालू झालं. * म्हणजे न विचारता आलेली खबर, उदाहरणार्थ प्रोग्रॅम थांबला, आणि सोबत थांबण्याचं कारण वेगळ्या नावानं: ब्रेकपॉइंट लागला, एक पाऊल पूर्ण झालं, सिग्नल आला, की प्रोग्रॅम नीट संपला. आणि ~ म्हणजे हा मजकूर माणसासाठी आहे, दाखवायचा असेल तर दाखव, पण त्यातून अर्थ काढू नकोस. या शेवटच्या चिन्हानं मला फार समाधान दिलं. माणसाचं बोलणं यंत्राच्या हातात देतानाच त्यावर शिक्का मारून दिला आहे.

तिसरी गोष्ट आतल्या रचनेची, आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे. जीडीबीच्या आत ब्रेकपॉइंट दाखवणारा कोड सरळ छापत नाही. तो एका मधल्या थराला सांगतो, की ‘नंबर’ नावाच्या रकान्यात १ आहे, ‘ओळ’ नावाच्या रकान्यात २१२ आहे. मग माणूस समोर असेल तर तो थर तक्ता काढतो, यंत्र असेल तर नाव-आणि-मूल्य अशा जोड्या काढतो. माहिती एकदाच सांगितली जाते, तोंडं दोन असतात. हे नसेल तर दोन्हीकडचं हळूहळू वेगळं होत जातं आणि एक दिवस पडदा एक सांगतो, बोर्ड दुसरं.

चौथी गोष्ट चुकांची. एखादा हुकूमच डीबगरला माहीत नसेल तर चुकीच्या संदेशासोबत एक ठरलेलं सांकेतिक नावही येतं. खिडकीवाल्यांना नेमकं एवढंच हवं असतं: हा हुकूम या आवृत्तीत आहे की नाही. आधी त्यासाठी चुकीच्या संदेशाचं वाक्य जुळवून बघावं लागे. शिवाय डीबगरला सरळ विचारायचा हुकूमही आहे, की तुला काय काय येतं त्याची यादी दे.

जीडीबीवाल्यांकडूनही चुका झाल्या, आणि त्या त्यांनी कशा निस्तरल्या ते वाचण्यासारखं आहे. एकाच ब्रेकपॉइंटच्या प्रोग्रॅममध्ये अनेक जागा असू शकतात. अशा वेळी छापलं जाणारं उत्तर त्यांच्याच व्याकरणात बसत नव्हतं. जागांचे कंस ब्रेकपॉइंटच्या कंसाबाहेर लोंबत होते. पण तोवर खिडकीवाल्यांनी ते चुकीचं रूपच वाचायला शिकून घेतलं होतं. सुधारलं तर सगळ्यांचं मोडणार. इथे त्यांनी या बोलीला आधीच आवृत्ती-क्रमांक दिलेले होते ते कामी आले: दुसरी आवृत्ती जीडीबी ६.० बरोबर २००३ मध्ये आली होती, चूक सुधारलेली तिसरी ९.१ बरोबर २०२० मध्ये. ज्याला जुनी हवी त्यानं जुनी मागावी. चौथी २०२३ मध्ये १३.१ बरोबर आली, तीही अशाच एका चुकलेल्या कंसासाठी. मधली बरीच वर्षं एक चूक माहीत असूनही दिलेला शब्द पाळला गेला. अलीकडे त्यांनी डीएपी नावाचा आणखी एक दुभाषा जोडला, तो जेसॉन नावाच्या ठरीव मांडणीत बोलतो आणि कोड लिहायच्या हल्लीच्या एडिटरना सोयीचा पडतो. आमच्या बोर्डाला तो झेपणारा नाही, आणि मी तर त्याआधीच जुन्या एमआयच्या वळणानं गेले होते.

मालकांनी तीन महिने दिले. पहिले तीन आठवडे मी एकही नवी ओळ लिहिली नाही. बोर्डाच्या कोडमध्ये कुठे कुठे थेट छापलं जातं ते शोधलं; १४३ ठिकाणं निघाली. प्रत्येक ठिकाणी एका वहीत लिहिलं, की ही माहिती आहे की नुसतं बोलणं आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. एकाच गोष्टीला मी स्वतःच सहा ठिकाणी सहा नावं दिली होती, कुठे ‘पिक’, कुठे ‘पिक नंबर’, कुठे ‘काउंट’. माणूस समजून घेतो म्हणून खपलं होतं. मग व्याकरण लिहिलं. ते फुलस्केपच्या एका पानावर मावलं पाहिजे असा हट्ट धरला, आणि मावलं.

त्यानंतरचा दुभाषा लिहायला खरंच सोपा गेला: हुकुमांचं एक कोष्टक, प्रत्येक नावापुढे ते काम करणारं फंक्शन, आकडा वाचायचा, नाव शोधायचं, काम करायचं, त्याच आकड्यानं उत्तर द्यायचं. बोर्डाच्या ६४ किलोबाइटच्या फ्लॅश मेमरीत साडेतीन किलोबाइट गेले. माणसाचा दुभाषा तसाच ठेवला. केबल लावून काळ्या पडद्यावर काम करणारी मी अजून आहेच.

एका ठिकाणी मात्र मी जीडीबीचं ऐकलं नाही. बोर्डावर डिझाइनला नाव देता येतं आणि मागमालक ती मराठीत देतात. एकानं ‘मोरपंखी’ नाव दिलं होतं. जीडीबीच्या एमआयमध्ये इंग्रजीबाहेरचं अक्षर आलं की सहसा त्याचा प्रत्येक बाइट अष्टमान, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांच्या, आकड्यांत लिहून पाठवला जातो. नुसता ‘म’ असा जातो: \३४०\२४४\२५६. ‘मोरपंखी’त सात चिन्हं, त्यांचे एकवीस बाइट, आणि केबलवरून जाणार चौऱ्याऐंशी अक्षरं. ईमॅक्स हा कोड लिहायचा एडिटर जीडीबीशी याच बोलीत बोलतो. त्यात हे आकडे उलगडून पुन्हा अक्षरं करण्यासाठी वेगळं सेटिंग ठेवावं लागलं आहे. मी ठरवलं की आमच्याकडे देवनागरी जशीच्या तशी जाईल. फक्त अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ आणि ओळ संपल्याची खूण एवढीच राखून लिहायची. बोर्डाला अक्षरांचा अर्थ कळायची गरज नाही, त्यानं ती न मोडता पुढे द्यावीत. पहिल्यांदा खिडकीच्या तक्त्यात ‘मोरपंखी’ अखंड उमटलं तेव्हा मी सहकाऱ्याला हाक मारून बोलावून दाखवलं.

आता पत्रलेखकांच्या मूळ मुद्द्याकडे येते. ते म्हणतात मराठीमुळे बिघडतं. मी म्हणते, मराठीमुळे आधीपासून बिघडलेलं दिसून येतं. आणि दुभाषा वेगळा झाल्यावर मराठी नुसती शक्य होत नाही, ती चांगली होते. कारण सांगते. पूर्वी यंत्रालाही वाचता यावं म्हणून वाक्य तुकड्यांत जोडलेलं असे: आधी वस्तूचं नाव, मग ठरलेला शब्द ‘स्टॉप्ड’. त्याचं भाषांतर करायला गेलं की मराठीत अडतं. माग थांबला, मोटर थांबली, यंत्र थांबलं. एकच ठरलेला शब्द सगळीकडे डकवला तर ‘मोटर थांबला’ असं वाचावं लागतं, आणि मग लोक म्हणतात मराठी सॉफ्टवेअर वाचवत नाही. आता बोर्ड फक्त एवढंच कळवतो: काय थांबलं, कुठे, कशामुळे. वाक्य लॅपटॉपवरच्या एका वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि ते पूर्ण वाक्य आहे, लिंगवचनासकट. ती फाइल बदलायला प्रोग्रॅमर लागत नाही.

डीबगरपुरतं हे राहत नाही. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, ‘गिट स्टेटस’ला ‘पोर्सेलिन’ हा पर्याय दिला की माणसाची वाक्यं जाऊन ठरीव, न बदलणारं रूप येतं, ते याच कारणासाठी. बँकेचं, दवाखान्याचं, वजनकाट्याचं, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या. दुसरा कुठला प्रोग्रॅम त्याच्या पडद्यावरची वाक्यं वाचून चालत असेल, तर तिथे मराठी येऊ शकणार नाही, आली तर अर्धी येईल, आणि अर्धी आली की आमच्याकडे झालं तसं होईल.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. मराठी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या कार्यालयांनी आणि कारखान्यांनी ‘पडदा मराठीत आहे का’ एवढंच विचारू नये. हा मजकूर दुसरा कुठला प्रोग्रॅम वाचतो का, यंत्रासाठी वेगळं ठरलेलं रूप आहे का, त्याला आवृत्ती-क्रमांक आहे का, हेही खरेदीच्या अटींत लेखी मागावं. विक्रेता गडबडला तर समजावं की आत काय आहे.

दुसरी मागणी आपल्या इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांकडे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात मुलं प्रशिक्षणाला येतात. हुशार असतात. पण बहुतेकांनी डीबगर उघडलेलाच नसतो. जिथे तिथे प्रिंटएफ, म्हणजे मजकूर छापायचा हुकूम, घालून चूक शोधतात. त्यांना शेवटच्या वर्षाला हा प्रकल्प द्या: एक लहानसा डीबगर, त्याला दोन दुभाषे, एक माणसासाठी आणि एक यंत्रासाठी. मग परीक्षकांनी माणसाची सगळी वाक्यं मराठी करायला सांगावीत आणि बघावं, यंत्राच्या बाजूची एखादी तरी चाचणी नापास होते का. आमच्या कारखान्याची बैठक ज्या प्रश्नावर तासभर अडली होती तो प्रश्न या मुलांना वीस-बाविसाव्या वर्षी सुटलेला असेल. मी व्याकरणाचं आमचं एक पान आणि चाचण्यांच्या नोंदी कोणत्याही शिक्षकांना द्यायला तयार आहे, मालकांची परवानगी घेतलेली आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या जॉबरचा फोन आला. म्हणाले, “बाई, तुमचा पडदा ‘माग थांबला’ म्हणतो, पण धागा तुटून आपणहून थांबला तरी तेच आणि आम्ही बटण दाबून थांबवला तरी तेच. लांबून बघणाऱ्याला कळत नाही, धावायचं की नाही.” मी विचारलं, मग काय लिहू? ते म्हणाले, “आपणहून थांबला तर ‘थांबला’ लिवा, आम्ही थांबवला तर ‘थांबवला’ लिवा. एवढंच.” थांबण्याचं कारण बोर्ड आधीपासून कळवतच होता, रकाना होता. वाक्यांच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या. दुपारी फाइल पाठवली, संध्याकाळच्या पाळीला त्यांच्या शेडमधल्या पडद्यावर ती दिसली. बोर्डाला हात लावला नाही, खिडकीच्या प्रोग्रॅमलाही नाही.

आपली विश्वासू,
एक फर्मवेअर अभियंता, कुपवाड (जि. सांगली)